तात्यांची बिनशिडीची दिवाळी

दत्तूतात्यांच्या घरात दोन फ्रिज आहेत, घरगुती पिठाची गिरणी आहे, म्हशीची धार काढायचं मशीन आहे, पण शिडी नाही. घर तीन मजली आणि शिडी नाही. माळ्यावरचं पातेलं काढायचं झालं तरी तात्या खुर्चीवर पाट आणि पाटावर तेलाचा डबा असा मनोरा रचतात, आणि त्यांच्या पत्नी मालनकाकू खाली देवाचं नाव घेत उभ्या राहतात. कुणी चांगुलपणानं म्हणालं, "तात्या, माझी शिडी घेऊन जावा की," तर त्या माणसाशी ते चार दिवस बोलत नाहीत.

मी त्यांचा शेजारी. लासुर्ण्याकडच्या एका शाळेत शिकवतो, म्हणून तात्या मला गुरुजी म्हणतात. चौदा वर्षं आमची भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे तात्यांचा जो काही ताप गावाला होतो, त्यातला पहिला वाटा माझा असतो.

तात्या साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्या अंगातलं मशीन अजून कुणी बंद केलेलं नाही. चहा उभ्यानं पितात. पेपर अंगणात फेऱ्या मारत वाचतात, त्यामुळे बातमीचा पहिला भाग मला ऐकू येतो आणि उरलेला गोठ्यातल्या म्हशीला. कुठलंही काम सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं. "अवघड काय हाय त्यात?" हे वाक्य कानावर आलं की मी अंगणातली मोटारसायकल आत घेतो.

शिडी नसण्यामागं इतिहास आहे आणि तो सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. अकरा वर्षांपूर्वी तात्या आणि त्यांचे थोरले भाऊ आण्णा यांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, जनावरं वाटली, तांब्याचे हंडेसुद्धा हसतखेळत वाटले. शेवटी उरली वडिलांनी केलेली लाकडी शिडी. पंच चहा पिऊन उठायच्या बेतात होते. एकानं गंमत म्हणून सुचवलं की मधोमध कापा. आण्णा म्हणाले, "शिडी थोरल्याकडं ऱ्हाईल." तात्या म्हणाले, "मग मला ह्या जन्मात शिडी नको." तेवढ्यावर दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. एवढी एकरं सुरळीत वाटणारी माणसं बारा पायऱ्यांवर अडकली, याचं मला अजूनही हसू येतं आणि रागही येतो.

आण्णा शेतातल्या वस्तीवर राहायला गेले. त्यांची वस्ती आणि तात्यांचं घर यांच्यामध्ये सगळा ऊस आहे. दिवाळीपर्यंत दीड वर्षानं तुटणारा आडसाली ऊस दोन पुरुष उंच होतो, त्यामुळे आण्णांच्या अंगणातून तात्यांच्या घराचं फक्त टोक दिसतं. टोक म्हणजे जिन्याच्या खोलीवरची पाण्याची टाकी. आणि तात्यांचा हट्ट असा की दिवाळीच्या दिव्यांची माळ त्या टाकीवरच लागली पाहिजे. गच्चीपर्यंत जिना आहे, पण गच्चीवरून त्या टाकीपर्यंत जायला शिडीशिवाय दुसरी वाट नाही.

गावाचं म्हणणं होतं की धाकटा थोरल्याला खिजवतोय. माझं घर बघ किती उंच, असं दाखवतोय. मलाही तसंच वाटायचं, आणि दर वर्षी त्या खिजवण्याची झळ मला लागायची म्हणून जास्तच वाटायचं.

एका वर्षी त्यांनी गोफण काढली. ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलतात ती. धोंड्याला नायलॉनची दोरी बांधली आणि गच्चीवर उभं राहून गरगरा फिरवली. दोरी टाकीवरून पलीकडं जाणार होती. धोंडा गेला तो थेट माझ्या प्लॅस्टिकच्या टाकीत, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही सगळे तात्यांकडं अंघोळीला गेलो. तात्यांनी स्वतः पाणी तापवून दिलं. वर म्हणाले, "दोरी मातुर पोचली, गुरुजी."

गेल्या वर्षी उसावर औषध फवारणाऱ्या इम्रानभाईंना त्यांचा ड्रोन घेऊन बोलावलं. ड्रोनला दोरी बांधून टाकीवरून न्यायची, अशी योजना. इम्रानभाई बिचारे म्हणत होते, "तात्या, ह्याच्या पंख्याला लय वारं असतंय." तात्या म्हणाले, "अवघड काय हाय त्यात?" गच्चीवर मालनकाकूंनी चिवड्यासाठी पोहे वाळत घातले होते. ड्रोन उठला आणि पाच किलो पोहे त्याच्याबरोबर उठले. ते आमच्या अंगणात, विहिरीत आणि माझ्या बायकोच्या नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर पडले. काकूंनी त्या दिवाळीला चिवडा केलाच नाही आणि तात्यांनी विचारायचं धाडसही केलं नाही.

यंदा मात्र तात्यांचं काहीतरी बिनसलं होतं. दसऱ्याच्या आधी आण्णांना छातीच्या दुखण्यानं बारामतीला दवाखान्यात ठेवलं. त्या आठवड्यात तात्या तीन वेळा बेअरिंग आणायला म्हणून बारामतीला गेले आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातानं परत आले. मी काकूंना म्हटलं, एवढ्या मोठ्या गावात बेअरिंग मिळत नाही? काकू हळूच म्हणाल्या, "कशाचं बेरिंग, गुरुजी. दवाखान्याच्या म्होरं टपरीवर बसत्यात आन् माघारी येत्यात. आत जायला पाय होत न्हाय."

आण्णांना घरी आणलं, पण खाटेवरून उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून तात्यांना धड झोप नाही, धड जेवण नाही. सकाळी सहाला माझ्या दाराशी. "गुरुजी, आवंदा ऊस लय वाढलाय. माळ टाकीच्या बी वर घ्याया लागंल." दुपारी शाळेत फोन. "गुरुजी, निळी माळ लांबनं दिसती का पिवळी?" वर्गात तेहेतीसचा पाढा चालू आणि मी माळेचा रंग ठरवतोय. एकदा मी वैतागून म्हणालो, "तात्या, नाही लागली यंदा तर काय बिघडतंय?" ते अंगणात फेऱ्या मारता मारता थांबले. तात्या थांबलेले मी चौदा वर्षांत पाहिले नव्हते. मग म्हणाले, "म्होरल्या दिवाळीला बघनारा नसला तर?" मला माझीच लाज वाटली.

वसुबारसेच्या दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. यंदाची युक्ती होती दोन बांबू एकाला एक जोडून वर लोखंडी आकडा, आणि तात्या स्वतः गच्चीच्या कठड्यावर उभे. कठडा नऊ इंच रुंद आणि खाली तीन मजले. मी हट्ट धरला म्हणून त्यांनी कमरेला दोर बांधून घेतला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. तात्या नव्वद किलोचे, मी पंचावन्नचा. हे खाली गेले तर मीही त्यांच्या मागोमाग जाणार, हे गणित शिकवणाऱ्या माणसाला कळत होतं. माझे हात घामानं भिजले होते आणि तात्या वरून मला समजावत होते, "घाबरू नगा, मी हाय न्हवं."

तीन वेळा आकडा निसटला. चौथ्यांदा माळ टाकीच्या पाइपात अडकली. दिवस मावळला, काकूंनी गाय-वासराला ओवाळलं आणि तात्यांनी बटण दाबलं. टाकीभोवती पिवळे दिवे लागले. मला वाटलं सुटलो.

तात्या वस्तीकडं बघत उभे राहिले. तिकडं अंधुक एक बल्ब, बाकी नुसता ऊस. "गुरुजी, गाडी काढा. दिसतंय का बघून या."

"पुतण्याला फोन करा की."

"फोनवर काय दिसतंय?"

मी गेलो. आण्णा अंगणात खाटेवर पडून होते. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "दुपारपासनं खाट फिरवा म्हणत होते. उशी ह्या अंगाला घेतली तवा गप बसले." त्यांचं तोंड आमच्या घराकडं होतं. मी खाटेजवळ बसलो. "लाईट दिसते का विचारायला आलो," एवढंच म्हणालो. कुणी पाठवलं ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ बघून म्हणाले, "डाव्या अंगाला झोळ पडलाय."

मी परत येऊन सांगितलं. तात्यांनी माझा दंड धरला. "आण्णा म्हनला? सोता?"

"स्वतः."

"झोळ म्हनला?"

"झोळ."

तात्या कठड्याकडं धावले आणि मध्येच थांबले. "डावं म्हंजी त्याचं डावं का आपलं?"

मी परत गाडीवर. आण्णा म्हणाले, "माझं डावं. येवढं बी कळंना व्हय त्याला?" अकरा वर्षांनी भावासाठी निरोप आला तो असा, आणि तो घेऊन जाताना मी कालव्याच्या कडेनं एकटाच हसत होतो.

ते ऐकून तात्यांना इतका आनंद झाला की मी दोर हातात घ्यायच्या आत ते कठड्यावर चढले. बांबूनं माळ ओढली, पुन्हा ओढली. "आता जा. इचारा." मी म्हणालो, आधी खाली उतरा. ते म्हणाले, "आजून काय म्हनला तर? हितंच थांबतो. तुमी जा." या माणसापुढं माझं कधी चाललंय? काकूंना दोर धरायला लावून मी तिसऱ्यांदा निघालो.

आण्णा या वेळी उशीवर थोडे उठून बसले होते. "बराबर हाय आता," म्हणाले. मी गाडीला किक मारली, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. जवळ गेलो. त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि डोळे त्या दिव्यांवरच होते.

"गुरुजी, कठड्यावर हुबा आसंल त्यो. ल्हानपनापासनं तसलाच हाय. खाली उतर म्हनावं. आण्णानं सांगितलंय म्हनावं."

मी जेवढी पळवता येईल तेवढी गाडी पळवली. तात्या खरंच कठड्यावरच होते, हातात बांबू. मला बघून वरूनच म्हणाले, "आता काय काढलं?"

मी शब्दाला शब्द सांगितला.

तात्यांनी बांबू खाली ठेवला. एक पाय, मग दुसरा, असे जपून गच्चीवर उतरले आणि तिथंच फरशीवर बसले. टॉवेल तोंडाला लावून ते रडत होते, काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि माझ्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, ते मी लपवलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी तोंड पुसलं, उठले आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"गुरुजी, आजून एक खेप करा," ते म्हणाले. "या टायमाला मला मागं बसवून."