रेव्हरंड पिकन्स यांची उचकी

या, जरा जवळ सरका. आमच्या मेकन गावच्या चर्चमधली गोष्ट सांगते; हसायला हरकत नाही, देवही हसला असणार.

चर्चला नवा पास्टर हवा होता. रेव्हरंड एफ्रेम पिकन्स परीक्षेचं प्रवचन द्यायला आले. विद्वान माणूस, पण बोलणं कोरड्या पावासारखं. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन टॉलिव्हरनं दारातच बजावलं, "प्रवचनाचा शेवट गाऊन करणार ना? आमच्याकडे गायल्याशिवाय प्रवचन पचत नाही."

रेव्हरंडना दोन ओळी सुरात येत नव्हत्या. त्यात गुडघा सुजलेला. शनिवारी डॉक्टरांनी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या आणि रविवारी सकाळी उचकी लागली. बायकोनं, व्हर्नानं, औषधाचा कागद वाचला. "उचकी क्वचित लागते म्हणे."

"क्वचित म्हणजे, हिक्, मलाच!"

विषय होता बायबलातला, देवाची आज्ञा टाळून पळालेला योना आणि त्याला गिळणारा मासा. "योना पळाला... हिक्!"

ऑर्गनवर बसला होता आमचा जुना वादक लेम्युएल. प्रवचनकाराचा श्वास अडकला की तिथं सूर वाजवायचा, ही हाताची तीस वर्षांची सवय. त्यानं वाजवला. मंडळी दचकून जागी झाली. "बोला, रेव्हरंड!"

"माशानं गिळला, हिक्!" पुन्हा ऑर्गन. उचकी दाबायला रेव्हरंड शब्द लांबवू लागले, आणि लांबवता लांबवता चक्क गाऊ लागले. योना माशातून बाहेर पडेपर्यंत नाचणाऱ्या बायकांच्या टोप्या उडाल्या होत्या आणि डीकन टॉलिव्हर आनंदानं बाकांमधून धावत होता. मतदानाला सगळे हात वर!

रेव्हरंडना मात्र जेवण जाईना. ते निवड समितीच्या प्रमुख, चर्चमधल्या वडीलधाऱ्या मदर अर्झेला, यांच्याकडे गेले. "मदर, ते गाणं माझं नव्हतं, हिक्, गोळीचं होतं. मतं मागे घ्या."

"पोरा, मी चाळीस वर्षं नर्स होते. तिसऱ्या उचकीलाच ओळखलं."

"मग थांबवलं का नाही?"

"आमचे आधीचे रेव्हरंड गेन्स तीस वर्षं गायले, सारं गाव ऐकायला यायचं. त्यांना दमा होता; धाप लागली की असेच शब्द लांबवायचे. मीच औषध द्यायचे."

"पण गोळ्या संपल्यावर?"

"दम लागेपर्यंत खरं बोल. पुढचं लेम्युएल बघेल."

पिकन्स आजही आमचे पास्टर आहेत. तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा मात्र रेव्हरंड गेन्सना आठवा. बिचारे तीस वर्षं श्वासासाठी तडफडले, आणि आम्ही टाळ्या वाजवून म्हणत राहिलो, "अजून एकदा!"