नाना आधीच सांगतात

आमचे शेजारी नाना पाहुण्याला चहाच्या टपरीवर नेतानाही आधी जाहीर करतात, "टपरीवाला माह्या साडूचा पोरगा हाय. माह्यं हित हाय, आधीच सांगतो. चहा बेकार लागला तं दुसरीकडं जाऊ."

या सवयीला मीच कारण आहे. मोर्शीजवळच्या आमच्या गावात नानांनी संत्रा उत्पादकांची कंपनी काढायचं मनावर घेतलं. मी तेव्हा अमरावतीहून वकिली शिकून आले होते. घरातली पहिली पदवीधर. त्यांनी विचारलं, "प्रवर्तक म्हनजे कोन वं?"

"कंपनी उभी करणारा. म्हणजे तुम्ही. स्वतःची वस्तू कंपनीला विकायची तर आपलं हित, म्हणजे त्यात आपला काय फायदा आहे, ते उघड करायचं. लपवून नफा खाल्ला तर कंपनी व्यवहार मोडू शकते, नफा परत घेऊ शकते, नुकसानभरपाईही मागू शकते."

नानांनी हे साऱ्या आयुष्याला लावलं. एका मुलीला पाहायला मंडळी आली, तेव्हा तिचं तोंडभर कौतुक करून शेवटी म्हणाले, "पोरगी माह्या मावसभावाची हाय. तवा माह्या बोलन्यातलं अर्धंच धरा." पाहुण्यांच्या हातातले पोहे हातातच राहिले. लग्न मात्र जमलं.

संत्र्यांची प्रतवारी करायच्या शेडसाठी त्यांनी स्वतःची रस्त्याकाठची जागा देऊ केली. सभेत आपली मूळ खरेदीची किंमत वाचून दाखवली, आणि मग थांबेचनात. "मांगच्या कोपऱ्यात पानी साचते. बोअर आटला हाय. शेजारचा गजानन भांडखोर हाय."

"नाना, जागा विकून रायले का आमाले पळवून रायले?" मागून गजाननच ओरडला. सभा हसली. जागा मंजूर झाली.

पुढचा विषय माझ्या नेमणुकीचा होता. कंपनीचं कायद्याचं काम, माझी पहिली नोकरी. कोणाची हरकत नव्हती. तेवढ्यात नाना उठले.

"इथंबी माह्यं हित हाय."

"काहून?" गजानन म्हणाला. "पोरगी तुमच्या नात्यातली कुठं हाय?"

नानांनी टोपी काढली. "ते अमरावतीहून सुट्टीत यायची, तवा मी गाडी घेऊन मोर्शीच्या स्टँडवर उभा रायचो. तिच्या बापाले सांगायचो, तिकडं काम होतं. काम काहीच नसायचं. मले लेकरू नाही. ते मले आपली वाटते. तवा मी हात वर करत नाही. तुमीच ठरवा."

पहिला हात गजाननचा वर गेला. मग सगळ्यांचे.

उघड केलेल्या हिताची नोंदवही मीच आखली होती. तिच्यात 'नातं' असा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'मुलगी'.