टोपडं घातलेलं विमान

शिवानीच्या आईला, म्हणजे लोहाऱ्याच्या शरणम्माला, विमानापुढे नारळ फोडायचा होता. कॅप्टन कृष्णराज देवकुळ्यांनी तो फोडू दिला नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

धाराशिवजवळच्या धावपट्टीवर भाड्याचं छोटं विमान उभं होतं. साखर कारखानदार रणधीररावांना ते मुंबईला बैठकीसाठी नेणार होतं. शिवानी सहवैमानिक. आपल्याच जिल्ह्यातून उडण्याची तिची ही पहिली वेळ, त्यामुळे लोहाऱ्याहून दोन जीपा भरून माणसं तिला बघायला आली होती. माणसांना कौतुक होतं आणि शिवानीला धास्ती. हे तिचं परीक्षेचं उड्डाण होतं. कॅप्टन तिच्याबद्दल जो अहवाल देतील, त्यावर तिची नोकरी कायम व्हायची किंवा जायची होती. त्यात देवकुळे म्हणजे नियमाचा पुतळा. चहा ढवळण्याआधी ते त्यात साखर पडली आहे ना याची दोनदा खात्री करून घेतात, असं कंपनीत बोललं जाई.

नारळाचे तुकडे टायरला लागतात, हे कॅप्टननी समजावून सांगितलं. मग चाकाखाली लिंबू ठेवायची परवानगी मागितली गेली, तीही नाकारली गेली. शरणम्माचं तोंड एवढंसं झालं. ते बघून कॅप्टनही विरघळले आणि हार चालेल, पण निघण्याआधी काढायचा, असं म्हणाले.

आता विमानाला हार घालायचा कुठे? त्याला ना आरसा, ना बंपर. शरणम्माने विमानाभोवती प्रदक्षिणाच घातली आणि डाव्या पंखाखाली तिला एक बारीक नळी सापडली. या नळीत समोरचा वारा शिरतो आणि त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. जमिनीवर असताना आत माती, किडे जाऊ नयेत म्हणून तिला कापडी टोपडं घालतात, आणि ते काढायला विसरू नये म्हणून त्याला लालभडक फीत लोंबत ठेवतात. शरणम्माने झेंडूचा भरगच्च हार नेमका तिथे अडकवला. फीत त्यात गडप झाली.

बाहेरची तपासणी करत शिवानी त्या पंखापाशी आली आणि तिने हात पुढे केला.

"हात लावू नको," शरणम्मा म्हणाली. "घातल्या घातल्या हार काढत्यात व्हय?"

"अव्वा, त्याच्या खालचं टोपडं काढावं लागतंय मला."

"निघताना काढ की. ते कुठं पळून चाललंय?"

हे काही अगदीच चुकीचं नव्हतं. हार आणि टोपडं शेवटी एकदमच काढू, असं शिवानीने ठरवलं. तेवढ्यात तिच्या शंकरप्पा मामांनी कॅप्टनच्या सत्काराची हाळी दिली. शाल झाली, फेटा झाला, पेढा झाला. फोटोसाठी शिवानीला मध्ये उभं केलं, मग बाजूला उभं केलं, मग मामींसोबत पुन्हा मध्ये. इतक्यात रणधीररावांची गाडी धुरळा उडवत आली. त्यांना आधीच उशीर झाला होता. तिघे धावपळ करून आत बसले.

"बाहेरची तपासणी?" कॅप्टननी विचारलं.

"झाली, सर." सवयीने शिवानीच्या तोंडून निघून गेलं.

खरं तर शेवटची एक फेरी कॅप्टननी स्वतः मारायची असते. पण डोक्यावरचा फेटा घेऊन पंखाखाली वाकता येत नव्हतं, आणि बांधणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो उतरवायचा त्यांना धीर होत नव्हता. विमान निघालं. वाऱ्याच्या झोतात हार तुटून पडला आणि झेंडूच्या पाकळ्या पट्टीभर झाल्या. टोपडं मात्र जागेवरून हललं नाही.

विमान सुसाट धावू लागलं, पण वेगाचा काटा शून्यावरच बसून होता.

"सर, काटा हलत नाही."

कॅप्टननी ब्रेक लावले. पट्टी पुष्कळ शिल्लक असताना विमान थांबलं आणि मुकाट्याने माघारी आलं. शिवानी उडी मारून उतरली, पंखाकडे धावली आणि टोपडं उपसून मुठीत धरलं. मागून कॅप्टन आले. त्यांनी टोपडं पाहिलं, शिवानीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच फेटा उतरवला. आपली नोकरी गेली, हे शिवानीला स्वच्छ कळलं. तिला रडू येत होतं.

चूक माझी, असं ती रणधीररावांना सांगणार तोच शंकरप्पा मामा मध्ये पडले.

"साहेब, हार गळून पडला आन् विमान जागीच थांबलं. ह्यो कौल हाय. बिनहाराचं जायचं न्हाय."

रणधीररावांनी राजकारणात कौल पुष्कळ पाहिले होते. हार घातल्याशिवाय आपण बसणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मामांकडे जादाचा हार होताच, सत्काराला निघालेला माणूस एका हारावर येत नाही. पण आता विमानाला काहीही अडकवायला कॅप्टन तयार होईनात, आणि हाराशिवाय रणधीरराव पाय उचलीनात. शेवटी कॅप्टननी एक सुस्कारा सोडला आणि तो हार स्वतःच्या गळ्यात घातला.

या वेळी दोघांनी मिळून विमानाभोवती फेरी मारली. विमान व्यवस्थित उडालं. खाली शरणम्मा हात जोडून उभी होती. परंडा गाव मागे पडलं. अखेर शिवानीला राहवलं नाही.

"सर, टोपडं माझ्याकडून राहिलं. अहवालात तसंच लिहा."

"नाही लिहिता येणार," समोर बघत कॅप्टन म्हणाले.

शिवानीला भरून आलं. एवढा कडक माणूस आपल्याला पाठीशी घालतोय, हे तिला सहन होईना.

"माझ्यासाठी नियम मोडू नका, सर."

"मोडायचा राहिलाय कुठे? तुमचा अहवाल मी कालच पाठवून दिला. हॉटेलात नेट चांगलं होतं."

शिवानी त्यांच्याकडे वळली.

"काय लिहिलंय, सर?"

कॅप्टननी गळ्यातला हार जरा सैल केला.

"बाहेरची तपासणी अत्यंत काटेकोर," ते म्हणाले. "आणि मुंबईला विमान फारच सफाईनं उतरवलं, असं लिहिलंय. तेवढं आता सांभाळा."