सहातला एक ट्रान्झिस्टर

ब्राह्मणपुरीच्या नथ्थू पाटलाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स पोस्टाने घेतला होता. नऊ धडे आले होते, आणि वीज ज्यांनी शोधली त्यांनाही ती एवढी कळली नसेल, असं त्याचं नम्र मत होतं.

केळीला पाणी भरताना एकाने पंपाशी थांबायचं आणि दुसऱ्याने वाफ्याच्या टोकाशी. पाणी पोचलं की हाक द्यायची. हाक देणं मंगलाबाईंकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे. सोबतीला रेडिओ, त्यांच्या भावाने, भिलाने, भाऊबिजेला दिलेला. त्या घरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी ती एवढीच वस्तू.

"आते तू घर बस, रेडिओ ऐक," नथ्थू बायकोला म्हणाला. "पाणीच पंप बंद करी."

टोकाशी दोन तारा रोवायच्या. पाणी आलं की त्यातून करंट जाईल, पंपाजवळचा रिले, म्हणजे विजेने हलणारा खटका, खट्कन ओढला जाईल, पंप बंद. पण सुरतेच्या भंगारातून आणलेला रिले ढिम्म हलेना. पाण्यातून येणारा करंट असा, की मुंगीलाही गुदगुल्या होऊ नयेत. मध्ये ट्रान्झिस्टर घाला, म्हणजे थोडका करंट मोठ्याला हलवतो, असं धडा नववा सांगत होता.

रेडिओत सहा ट्रान्झिस्टर होते. सहा जणांची खाट पाचही जण उचलतात, असा हिशेब करून नथ्थूने एक उपटला.

खट्! पंप थांबला. वडील, सुकलाल पाटील, आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे बघून हसले. नथ्थूने तारा काढून पुढच्या वाफ्यात रोवल्या, पंप सुरू केला आणि ऐटीत चहाला घरी गेला.

रिलेचा करंट तुटला की त्यातली तारेची गुंडाळी उलटी लाथ मारते आणि त्या लाथेने ट्रान्झिस्टर मरतो, हे दहाव्या धड्यात होतं. दहावा धडा चार दिवसांनी आला. तोवर पंप न थांबता चालत राहून शेजारच्या धुडकूच्या खळ्यावर वाळत घातलेल्या मिरच्या तरंगून झाल्या होत्या.

घरी मंगलाबाई मुक्या रेडिओची बटणं फिरवत बसल्या होत्या. नथ्थूने सगळं कबूल केलं. त्यांनी रेडिओ पदराने पुसून परत कोनाड्यात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी भिला आला. "ताई, रेडिओ का बंद शे?"

नथ्थू जमिनीकडे बघू लागला.

"तू येस तधळ मी बंदच ठेवस, भाऊ," मंगलाबाई म्हणाल्या. "मंग बोलाले येळ भेटस."

भिला खूष होऊन गेला. त्याची बैलगाडी वळणाआड झाली, तशा मंगलाबाई ओट्यावर येऊन बसल्या.

"आते तुम्हीच बोला," त्या म्हणाल्या. "रोज दोन तास."

नथ्थूने घसा साफ केला. केळी, हवा, म्हशीचं दूध, असं जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. ते सात मिनिटांत संपलं.

मंगलाबाई अजून ऐकत बसल्या होत्या.