बहिरूनानांनी डिस्क पास केली

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात खोट काढून पगार घेतला, की आपल्याही कामात खोट असू शकते ही कल्पनाच माणसाला अश्लील वाटू लागते. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात असलेले बहिरूनाना मंडलिक हे त्याच जातकुळीचे. नानांनी 'रिजेक्ट' म्हटलं की मॅनेजरचीही टाप नव्हती. (घरात मात्र त्यांनी रिजेक्ट केलेली भाजी संध्याकाळी पुन्हा ताटात यायची.)

दोन हजार एक सालची गोष्ट. ब्रेक दाबला की पुढून खरखर येते म्हणून शनिवारी नानांनी आपली सेकंडहँड गाडी बारकूच्या गॅरेजात नेली. बारकूने चाक काढलं. चाकामागे जी लोखंडी डिस्क असते, जिला ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, तिच्यावरून त्याने अंगठ्याचं नख फिरवलं.

"नाना, डिस्क लय घासली. जोडी बदला."

"माप किती आलं?"

"माप कशाला? नखाला कळतंय."

"तुझ्या नखाचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं?"

"आंघोळीला बसलो तवा," बारकू म्हणाला.

झालं! नानांनी चाक परत बसवायला लावलं आणि गाडी घरी आणली. या देशात कुणीही उठतो आणि नखाने निदान करतो, हे त्यांनी नवसाबाईंना जेवताना तीनदा ऐकवलं.

"अहो, पण उद्या सकाळी आनंदवलीला जायचंय," नवसाबाई म्हणाल्या. "आपल्या सुवर्णाचं स्थळ आहे. घर बघायला जायचं, तर सरळ रिक्षा करू."

"मुलीचा बाप रिक्षातून उतरणार? आणि डिस्क चांगली असली तर?"

"आणि नसली तर?"

"ते माप ठरवेल."

रविवारी सहालाच नानांनी पुढची दोन्ही चाकं काढली. जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, चष्मा पुसला, प्रत्येक डिस्कची कडेकडेने तीन ठिकाणी मापं घेतली. किमान हवी आठ मिलिमीटर, भरली नऊ. नानांनी रिपोर्ट तीन प्रतींत लिहिला. (दुसरी प्रत कुणाला द्यायची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.) मग पास झालेल्या मालाचं बावीस वर्षं जे होताना पाहिलं, तेच त्यांच्या हातांनी आपसूक केलं. गंज धरू नये म्हणून दोन्ही डिस्कना दोन्ही बाजूंनी, फडक्याने, छान एकसारखं तेल लावलं.

पहिल्याच वळणावर गाडी म्हणावी तशी थांबली नाही.

"ब्रेक लागत नाहीत का हो?"

"साफ केल्यावर सुरुवातीला जरा मऊ लागतात," नाना म्हणाले. असलं वाक्य कारखान्यात कुणी उच्चारलं असतं तर त्याला त्यांनी मेमो दिला असता. पण पुढचा सगळा रस्ता त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये, देवाचं नाव घेत काढला. सायकलवरचा दूधवाला पुढे निघून गेला.

मुलाचं घर गावात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. हर्षल ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला. वडील आप्पा शेवंती आणि कोथिंबीर पिकवणारे. आप्पा आणि चंद्रभागाबाई स्वागताला दारात उभे होते. नानांनी ब्रेक दाबला. आणखी दाबला. हँडब्रेक ओढला, तो कचकच करत वर आला आणि नुसताच वर राहिला. (तो तपासायला वेळ उरला नव्हता; तिसरी प्रत लिहायची होती.)

गाडी वरातीच्या चालीने दारावरून पुढे सरकली. "बाजूला व्हा" म्हणून नानांनी खिडकीतून जोरजोरात हात हलवला. पुढे कोपऱ्यावर आप्पांनी शेवंतीसाठी शेणखताचा ढीग घातला होता. गाडीने त्यात बॉनेटपर्यंत तोंड घातलं आणि बंद पडली.

आप्पा लालबुंद होऊन आले.

"घर पसंत नव्हतं तर तोंडानं सांगायचं, पाहुणे! दारात उभं राहावं आम्ही, आन् तुम्ही 'नको नको' करत पुढं?"

"तसं नाही," नाना म्हणाले. "आम्हाला जरा... परिसर बघायचा होता."

"उकिरड्यापासून?"

"चला हो आत," चंद्रभागाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "त्यांना बंगलेवाले पाहिजेत. पोहे झाकून ठेवते."

खरं सांगावं तर बावीस वर्षांची इज्जत जात होती. न सांगावं तर लेकीचं स्थळ जात होतं. शेवटी नवसाबाईच गाडीतून उतरल्या.

"अहो ताई, घर छान आहे. आमचे ब्रेक लागले नाहीत."

"अगंबाई! कशानं?"

"यांनी तपासले म्हणून."

आप्पा पोट धरून हसले. हर्षलने बाह्या सरसावल्या, चार जणांना घेऊन गाडी मागे ओढली आणि चाक काढलं. त्याचं बोट डिस्कवरून सुळकन घसरलं.

"नाना, तेल?"

"मापल्यावर लावतात," नाना पुटपुटले.

हर्षल हसला नाही. (एवढ्यावरच खरं तर मुलगी द्यायला हरकत नव्हती.) त्याने पेट्रोलने डिस्क पुसली, तिच्यावरून बोट फिरवलं, नानांच्या खिशातला व्हर्नियर मागून घेतला आणि हळूच विचारलं, "माप कडेला घेतलं होतं का? पॅड कडेपर्यंत पोचत नाही, तिथे झीज होत नाही. आत साडेसातच भरतेय."

आयुष्यभर कोरा माल मापलेल्या माणसाला झिजलेल्या वस्तूचं माप कुठे घ्यावं हे कुणी शिकवलेलं नसतं.

"कुणाला बोलत नाही," हर्षल म्हणाला. "जोडी मी आणून बसवतो."

नाना ताडकन उठले. गुडघ्याला शेणखत, पण आवाज तपासणी खात्याचा.

"आप्पा, मुलगा पसंत! आमच्याकडून पास!"

चंद्रभागाबाईंनी एव्हाना हातात दिलेली पोह्यांची बशी नवसाबाईंनी खाली ठेवली.

"इतका वेळ मलाही पसंत होता," त्या म्हणाल्या. "आता यांनी पास केला म्हणजे मला पुन्हा बघावा लागणार."