हर्षदाचा सायलेन्सर

हिंगणखेडात लग्न लागलं की नवरीचा आवाज काढून नवऱ्याच्या गाडीच्या सायलेन्सरला बसवतात. हर्षदाचा बसवला त्याला वर्ष व्हायच्या आतच पोलिसांनी ती गाडी बाजार चौकात अडवली.

पद्धत जुनी आहे. अक्षता पडल्या की नवरी वऱ्हाडासह वसंता फिटरच्या शेडवर जाते. तिथे गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काढून ठेवतात आणि बाहेरचा जाड पाइप आणतात. नवरी त्याला तोंड लावून उखाणा घेते. पाइप गाडीला बसला की ती पुन्हा बोलत नाही. उखाणा हळू घ्यायचा असतो, कारण ज्या पट्टीत तो घेतला त्या पट्टीत आवाज बसतो, असं म्हणतात. हर्षदाने अगदी खालच्या पट्टीत घेतला होता: ‘दारी उभी गाडी, गळ्यात तिच्या हार, विक्रांतरावांचं नाव घेते, सुखाचा होवो संसार.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिची धाकटी बहीण केतकी तेवढी हाताची घडी घालून उभी राहिली, म्हणून थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, तिला चारचौघांत झापलं होतं.

बसवलेला आवाज नुसता घुमत नाही, बोलतो. पण गाडी धावत असताना शब्द कोण ऐकतो? लोक म्हणतात, दमदार आहे. आवाज दिलेल्या बाईने पुढे हातवाऱ्यांवर भागवायचं. लिहून दाखवायचं नाही. दिलेली वस्तू परत घेतल्यासारखं होतं ते, असं तात्या सांगतात. केतकीच्या आईचा आवाज अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, पहिल्या जीपला होता. ती जीप अण्णांनी पुढे कुणाला तरी विकून टाकली. अजून कधीतरी ती हायवेवरून जाते. तेव्हा भाकरी थापता थापता आईचा हात थांबतो, आणि जीप लांब गेली की पुन्हा चालू होतो.

परिवहन कार्यालयात दाजींबरोबर, म्हणजे विक्रांतरावांबरोबर, अण्णा गेले, आणि नको म्हटलं असताना केतकीही गेली. निरीक्षक डोईफोडे यांनी यंत्राचा कागद टेबलावर ठेवला.

“आवाज मर्यादेच्या वर आहे. धूर काळा आहे. आत काहीतरी अर्धवट जळतंय.”

“साहेब, आवाज माझ्या बायकोचा आहे,” दाजी म्हणाले.

“असेल. कुणाचा आवाज, याला कायद्यात रकाना नाही. बाहेरचा सायलेन्सर बसवणं मुळात बेकायदाच आहे. पण तो मर्यादेत बोलत असेल तर आम्ही समाजाच्या भावना जपतो. ही मर्यादेत बोलत नाही.”

“लग्नात फार हळू होता हो,” अण्णा कळवळून म्हणाले.

“लग्नात सगळ्यांचाच हळू असतो.”

केतकीला राहवेना. “मग तिचा तिला देऊन टाका. पाइप काढा, कंपनीचा बसवा, विषय संपला.”

डोईफोडे यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. “तशी तरतूद नाही. आत जाळी टाकून काचेची लोकर ठासून भरा. आवाज बसतो, धूरही दिसत नाही. पुन्हा सापडली तर मात्र सायलेन्सर जप्त करून रोलरखाली घालीन.”

रविवारी सगळे अण्णांच्या घरी जमले. दाजी, हर्षदा आणि तिच्या सासूबाई त्याच गाडीने आले. सासूबाई स्वतःच्या लग्नात दीर गाडी घेऊन पळून गेल्याच्या सबबीवर आपला आवाज न देता सुटल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांना बोलायला कुणी अडवलं नव्हतं.

“धुराचं म्हणाल तर सूनच मनात ठेवते,” त्या म्हणाल्या. “काय कमी आहे तिला? खाऊन पिऊन सुखी आहे. तरी गाडी चालू केली की काळं ओकते.”

“पोरीला बोलायची सवय तुम्हीच लावलीत,” तात्या अण्णांना म्हणाले. “आमच्या वेळी बायकांचे आवाज लुनाला बसायचे. दारातून गेली तरी शेजाऱ्याला पत्ता लागायचा नाही.”

“तिने बोलायचं कुठं, तात्या?” केतकी म्हणाली. “गाडीशिवाय जागा ठेवलीय का तुम्ही?”

“तू गप गं.”

“गप बसवायला माझं अजून लग्न झालेलं नाही.”

“हिचं तोंड बघा!” तात्यांनी पानाची पिंक टाकायला खिडकी गाठली. परत येऊन ते बसले आणि बेतात म्हणाले, “ग्लासवूल उद्या भरायचं, ठरलं. आणि जपून, विक्रांतराव. उद्या काही वाईट होऊन रोलर फिरला, तर दिलेला आवाज खराब झाला म्हणून माहेरालाच दुसरा द्यावा लागेल. रीत आहे ती.”

घरात आवाज असलेली मुलगी एकच उरली होती, आणि सगळ्यांनी तिच्याकडे न बघण्याची काळजी घेतली. आईने पाण्याचा तांब्या उगाचच इकडचा तिकडे ठेवला.

जेवणं झाली. मटण चांगलं झालं होतं. पुरुष ओसरीवर आडवे झाले, सासूबाई आतल्या खोलीत घोरू लागल्या. केतकीने खुंटीवरची किल्ली काढली आणि हर्षदाला हाताला धरून अंगणात नेलं. दोघी गाडीत बसल्या. केतकीने गाडी चालू केली आणि ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. असा हळू दाबला, की शब्द सुटे होतात.

“केते,” मागून सायलेन्सर म्हणाला. शेजारी बसलेल्या हर्षदाचे ओठ मिटलेलेच होते. “लोकर भरू देऊ नको.”

“का? रोलरपेक्षा बरी ना?”

“लोकर भरली की मला माझंच ऐकू येणार नाही. रोलर एकदाच फिरतो. लोकर रोज असते.”

केतकीने पाय उचलला. गाडी नुसतीच धुगधुगत राहिली. ओसरीवर तात्यांचा एक पाय खाटेबाहेर लोंबत होता.

“रोलर फिरला तर पुढे कुणाचा नंबर, ते ऐकलंस ना मघाशी?” तिने विचारलं आणि पुन्हा पाय दाबला.

सायलेन्सरमधून नुसता काळा धूर आला, तुळशीवरून गेला आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागला. मग हर्षदाने झटकन हात घालून किल्ली काढली आणि मुठीत घट्ट धरली.

“दे,” केतकी म्हणाली. “ताई, दे ती. मी काय तुझ्यासाठी मोठा त्याग वगैरे करत नाहीय. आज नाही तर दोन वर्षांनी मला पाइपला तोंड लावायलाच नेणार आहेत. उखाणासुद्धा तात्या बघून ठेवतील. निदान कधी जायचं ते मी ठरवते.”

हर्षदा मान हलवत राहिली. केतकीने तिची बोटं एकेक करून सोडवली. लहानपणी चिंचा सोडवायची तशीच, आणि तेव्हासारखीच हर्षदा शेवटच्या बोटाला हरली.

गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा अण्णा उठून बसले. तोवर केतकीने पाय पूर्ण दाबला होता.

हर्षदा बाजारपेठेतून बोलत गेली. “मला शिळा भात नको! मागच्या दाराला बाहेरून कडी घालू नका! माझी शिलाई मशीन विकताना मला विचारलं नाहीत! मला पोहता येतं! तुमच्यापेक्षा चांगलं येतं!” सराफाने कानावर हात ठेवले. भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या, त्यांच्यापैकी कुणी बोलू शकत नव्हतं, पण एकीने हातातली तागडी खाली ठेवली. देवळापुढच्या म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, “कुणाची रे ही, काय मस्तवाल सायलेन्सर!” चौकात डोईफोडे रस्त्याच्या मध्ये उभे होते. केतकीने त्यांच्यापुढे गाडी थांबवली, पण पाय उचलला नाही. हर्षदाचं बोलून संपेपर्यंत त्यांनीही पावती पुस्तक उघडलं नाही. आपण काय म्हणतोय ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नसतं.

“पुन्हा सापडली,” ते शेवटी म्हणाले.

“हो. जप्त करा.”

दुसऱ्या दिवशी कार्यालयामागच्या रस्त्यावर जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडले. लोक मोबाईल काढून उभे होते. काही सायलेन्सर टगेगिरी करणाऱ्या पोरांच्या बुलेटचे होते आणि ते नुसतेच पाइप होते. चेपताना पत्र्याचा आवाज आला. हर्षदाच्या पाइपवर रोलर चढला तेव्हा मधेच एक सूर निघाला, पाळण्यातल्या बाळाला थोपटताना काढतात तसा, आणि मग रोलर पुढच्या पाइपवर गेला. दाजींनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. हर्षदा पदर खांद्यावरून घेऊन शेवटपर्यंत पाहत होती. घरी आल्यावर ती भर दुपारी झोपली, आणि दिवेलागणीलाही तिला कुणी उठवू शकलं नाही; उठली ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

दाजींची गाडी अशी मुकी ठेवता येत नव्हती. तात्यांनी मुहूर्त काढला, अण्णांनी तो मान्य केला. “शिकलेली पोर आहे, समजून घेईल,” असं त्यांनी दाजींना फोनवर सांगितलं. केतकीने वाद घातला नाही. याचं तात्यांना फार बरं वाटलं.

वसंताच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. नवा पाइप स्टँडवर आडवा लावला होता. या खेपेला कायद्याची कटकट नको म्हणून दाजींनी आवाज मोजायचं यंत्रही आणवलं होतं. हर्षदा आणि आई मागे भिंतीशी उभ्या होत्या.

“उखाणा कुणाचा घ्यायचा?” वसंताने विचारलं. “म्हणजे लग्न तर नाहीय.”

तात्यांनी थोडा विचार केला. “काहीही बोलू दे. पाढे म्हण, केतकी. बेताच्या आवाजात.”

केतकीने पाइपला तोंड लावलं आणि बोलायला सुरुवात केली. पाढे नव्हते ते. तिने तात्यांपासून सुरुवात केली. यंत्राचा काटा सरकत सरकत शेवटच्या खिळ्याला टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. शेडवरचे पत्रे वाजू लागले. दाजी खुर्चीसकट मागे सरकले.

“हळू!” तात्या ओरडले. “अगं, ही गाडी रस्त्यावर कुठं चालायची अशानं?”

वसंताने पाइपवर हात ठेवून अंदाज घेतला. “ताई, बास. भरला.” त्याने पाइप ओढून घेतला, दोन्ही तोंडांना बूच मारलं आणि मागे वळला.

केतकी अजून बोलतच होती.

वसंताने दाजींकडे पाहिलं, दाजींनी तात्यांकडे. अशा प्रसंगी काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण काम अर्धवट सोडणं बरोबर नव्हतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. वसंताने दुसरा पाइप लावला. तो भरला. मग ट्रकचा लावला. दुपारपर्यंत हिंगणखेडातले पाइप संपले, आणि तात्या शेडच्या दाराशी जाऊन, एका कानात बोट घालून, जिल्ह्याच्या दुकानदाराला फोनवर माल विचारू लागले.

केतकीने हात मागे केला. हर्षदाने त्या हातात पाण्याचा पेला दिला. केतकी घोटभर पाणी प्यायली, आणि पुढे बोलू लागली.