नाताळाची सावर

"झाड मिळत नाय म्हंजे काय?" ठकूबाईने पदर खोचला. "बाय, तुमी पोलादपुरात बसून बोलताव! इथं झाडाबिगर दुसरं हाय काय?"

मिस्किटाबाई रडवेल्या झाल्या होत्या. त्यांचे यजमान घाटरस्त्याच्या कामावरचे इंजिनियर, वांद्र्याहून बदली होऊन आलेले. लहानग्याचा हा पहिलाच नाताळ. सासूबाईंचं म्हणणं, सण मुंबईतच करायचा. तिथं बाजारात नाताळाचं अस्सल झाड मिळतं, त्या रानात काय मिळणार? आणि एकदा पोराला घेऊन मुंबईला गेलं, की सासूबाई उन्हाळा सरेपर्यंत आपल्या पंखाखालून सोडायच्या नाहीत, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सासूला उलट सांगितलं होतं, "सण इथंच होईल आणि झाडही अस्सल असेल. तुम्हीच या बघायला." सासूबाई परवा येणार होत्या. झाडाचा मात्र पत्ता नव्हता.

"कसलं झाड लागतं, त्ये तरी सांगा," ठकूबाई म्हणाली. ती त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती, पण घरात हुकूम तिचाच चाले.

"उंच, सरळ. फांद्या चहूबाजूंनी. उभं करायचं आणि शेंड्याला चांदणी बांधायची."

ते दिवाणखान्यात उभं करायचं, हे सांगायचं बाईंकडून राहिलं. ते सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नाही.

"आनलं समजा," ठकूबाई म्हणाली आणि सकाळच्या एस. टी.ने महाडला गेली. साहेबलोकांचं झाड, ते शहरातच मिळणार, असा तिचा हिशेब.

महाडच्या वखारवाल्याने विचारलं, "जळाऊ हवं की इमारती?"

"उभं करायचं हाय."

"मग खांब घ्या."

"पानांसकट पायजे."

"पानं हवीत तर पत्रावळवाल्याकडे जा."

पत्रावळवाल्याने पानं दाखवली, पण झाड त्याच्याकडे नव्हतं. पूजेच्या सामानाच्या दुकानात केळीचे खुंट निघाले. "सत्यनारायणाला चालतात, मग नाताळाला न चालायला काय झालं?" दुकानदार म्हणाला. तोवर बाजारात बातमी पसरली होती. कुणीतरी ओरडलं, "अहो बघा, डोंगरातली बाई महाडात झाड विकत घ्यायला आलीय!" अख्खी पेठ हसली.

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरंच की! सणाचं झाड कधी कुणी विकत घेतं? तिच्या वाडीत शिमग्याला सावरीचं उंच, सरळ झाड लागे. ती सावर रानातून वाजतगाजत खांद्यावर यायची आणि जागेवर पोचेपर्यंत जमिनीला टेकायची नाही. "हसा, हसा," ती पेठेला म्हणाली. "आसं झाड आणते, की हितनं दिसल!"

परतीच्या एस. टी.तून उतरून ती तडक वाडीवर गेली. तिचा भाऊ भागोजी मुंबईच्या एका हॉटेलात दरवान होता, रजेवर आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला. "आक्का, आपल्याला मालूम हाय. आमच्या हाटेलात हर साल लावत्यात. दोन माळे उंच. खाली बँड वाजतो."

बँड म्हटल्यावर कुणाला शंका उरली नाही. वाजंत्री आहे म्हणजे सण मोठाच. फक्त म्हातारा येसाजी अडून बसला. "शिमग्याआधी सावर तोडायची? आपल्यात नाय बसत."

"त्यांचा शिमगा आत्ता हाय," ठकूबाई म्हणाली. "बाईला शबुद दिलाय मी. तुमी नाय आलाव, तर मी कुऱ्हाड घेते."

वाडीत तिच्याशी वाद घालण्याचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. येसाजीनेच नारळ फोडला.

ठरल्या दिवशी सासूबाई ट्रंक घेऊन बंगल्यात दाखल झाल्या. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुठं आहे झाड?"

मिस्किटाबाई पोराच्या झबल्यांच्या घड्या घालत राहिल्या. तेवढ्यात उतारावरून ढोल ऐकू आला. मग आरोळ्या आल्या आणि मागोमाग अख्ख्या वाडीच्या खांद्यावर झुलत सावर आली. निम्मी पानं वाटेत गळली होती, पण फांद्या चहूबाजूंनी होत्या.

"ठकूबाई," बाई कशाबशा म्हणाल्या, "हे घरात कसं जाईल?"

"घरात? सणाचं झाड घरात घेत्यात?"

"थोडं तोडून..."

"खांद्यावर घेतल्यावर कुऱ्हाड लावायची नाय!" येसाजी गरजला. "आन् खाली टेकवायची नाय. लवकर बोला, खड्डा कुठं?"

माणसं घामाघूम होऊन उभी होती. साहेबांच्या गुलाबाच्या वाफ्यातली माती तेवढी भुसभुशीत होती. गुलाब गेले, चांदणी बांधली आणि सावर उभी राहिली. बंगल्याची कौलं तिच्या कमरेला आली.

सासूबाई मान दुखेपर्यंत वर बघत राहिल्या. ठकूबाई हाताची घडी घालून पुढे झाली. "हाय का आसलं तुमच्या बाजारात?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. सुनेला इतका आनंद झाला, की तिने पोराचे पटापट मुके घेतले.

इतक्यात येसाजीने बुंध्याशी पेंढा रचायला घेतला.

"हे काय करता?" बाईंनी विचारलं.

"पेटवायची नाय?" येसाजीने विचारलं. "पेटवल्याबिगर सण पुरा व्हतो काय?"

मिस्किटाबाई किंचाळल्या. पण त्यांच्या आधी सासूबाई हलल्या. त्यांनी व्हरांड्यातली खुर्ची ओढत आणली, पेंढा लाथाडला आणि बुंध्याला पाठ लावून बसल्या. "माझ्या नातवाचं झाड आहे! लावून दाखवा कुणी काडी!"

ढोल थांबला. ठकूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. आपल्या तोडीची बाई तिला पहिल्यांदाच भेटत होती, आणि ती तिला फार आवडली.

"ऱ्हाऊ दे, काका," ती येसाजीला म्हणाली. "शिमग्यालाच पेटवू हिला."

"आन् तवर राखणार कोण? शिमग्याची लाकडं चोरायची रीतच हाय. खालच्या आळीची पोरं रातोरात पळवतील."

"शिमगा कधी असतो?" सासूबाईंनी विचारलं.

"फाल्गुनात."

"मग मी फाल्गुनापर्यंत इथून हलत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत आणखी ऐसपैस बसल्या. "बघते कोण पळवतो ते."

मिस्किटाबाईंनी मोठ्या आशेने ठकूबाईकडे पाहिलं. ठकूबाईने सासूबाईंची ट्रंक डोक्यावर घेतली होती.

"बाय," ती म्हणाली, "ही कंच्या खोलीत ठिवू?"